मिरजेहून फोन

दहाला वॉर्डातून तिचा फोन.
"तोंडली बघितलीसा?"
बघितली. करंगळीएवढी झाल्यात.
"कुणाच्या?"
माझ्या, म्हटलं. तीस वर्षं तिकिटं पंच करून
जाडावलेली माझी करंगळी.
"मग जून व्हायला लागली. एक मोडून दाखवा."
फोनवर कसं दाखवू?
"फोनपाशी धरा की. मोडा."

भिलवडीत दव नुकतं वाळलेलं.
मांडवाखाली चप्पल रुतत होती.
हाताला लागलं ते तोडलं,
मोबाइलपाशी नेलं.

कट्.

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरलं.

"काल पाणी पाजलंसा वेलाला."
न्हाई, म्हटलं.
"पाजलंसा. बुरशी धरंल लोणच्याला.
दोन दिवस तहानू द्या.
परवा तोडा, ऊन चढायच्या आत.
तेरवावर ढकलू नका,
तेरवा आतनं लाल पडतील."

परवाच सकाळी तिला आत नेणार आहेत.
ते ना ती बोलली, ना मी.
मीठ भाजून ठेवा म्हणाली, आणि ठेवला.

हातात दोन तुकडे.
आत सगळं पांढरं,
एका बीपाशी तेवढं
किंचित गुलाबी.