उणे अठरा

पेन्शनच्या फरकाचे पैसे आले तेव्हा
हे म्हणाले, गळ्यातलं काहीतरी घे.
मी उभा फ्रीझर घेतला.
माझ्याहून वीतभर उंच, पाच खणांचा.
इंदिरानगरच्या लिफ्टमध्ये मावला नाही,
जिन्याने आला, चौघांच्या खांद्यावरून,
आणि सोसायटीने विचारलं, कोण गेलं?

आडवा आणला तर लगेच लावायचा नाही.
चार तास उभा ठेवायचा, तेल खाली बसू द्यायचं.
भिंतीपासून चार बोटं लांब. त्याचीही पाठ तापते.
मला हे कुणी सांगायला नको,
सुरगाण्याला तेहेतीस वर्षं
थंडीच सांभाळली मी.

दोन ते आठ.
सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर अंक, पुढे सही.
लस गोठली की मेली,
बोरसे सिस्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं,
बाटली हलवून, उजेडात धरून.
उंबरठाणच्या पुढच्या पाड्यांवर खांद्याला डबा,
डब्यात बर्फाच्या विटा. वीट आधी कानाशी हलवायची,
आत पाणी वाजलं तरच डब्यात.
सगळी नोकरी केली ती काही गोठू नये म्हणून.
आता बसलेय गोठावं म्हणून.

वरच्या खणात मटार, जानेवारीतला, पंचवटीच्या बाजारातला,
टीव्हीसमोर सोललेला, उकळीतून दोन मिनिटं काढलेला,
गोट्यांसारखा सुटा.
त्याखाली सुरगाण्याची स्ट्रॉबेरी.
विकणारा म्हणाला, बाई, तुम्ही टोचलं होतं मला.
बाही वर केली. डाग होता.
पैसे घेईना. दिले.
मग खालच्या मजल्यावरच्या खैरनारांचे बोंबील,
चार पिशव्यांत गुंडाळून, कारण ह्यांना वास लागतो.
तळाला नुसत्या पाण्याच्या बाटल्या,
रिकाम्या खणाला थंडी धरता येत नाही.

दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढते मी, दर महिन्याला.
सहज सुटली तर गरम फडका फिरवायचा.
बर्फ बोटभर चढला की बंद करून दार सताड उघडं,
खाली जुन्या चादरी, समोर टेबलफॅन.
खरवडायचं नाही. भाऊजींनी एकदा स्क्रूड्रायव्हर घातला होता.
फुस्स.
त्यांच्या फ्रिजमध्ये आता गव्हाचं पीठ असतं.

डिसेंबरात पेपरात आलं, निफाड साडेचार अंशांवर.
हे कानटोपीतून म्हणाले,
तो बंद कर आणि खिडकी उघड.

मार्चमध्ये पुण्याला लेकीकडे गेलो, बारा दिवस.
जाताना वाटीत पाणी गोठवून वर एक रुपया ठेवला.
परत आल्यावर चप्पल न काढता दार उघडलं.
उणे अठरा. हिरवा दिवा. सगळं टणक.
रुपया बर्फात निम्म्यावर होता.

खैरनार म्हणाले, हो, एका रात्री गेली होती लाईट,
आली की सकाळी.

मी बोंबील टाकले. खैरनार आठवडाभर बोलले नाहीत.
स्ट्रॉबेरीही टाकली, त्याला काय सांगू.
मटाराची पिशवी राहिली. कानाशी धरून हलवली.
वाजली नाही,
एकच ढेकूळ.

तक्ता अजून लावते मी, फ्रीझरच्या दारावर.
त्या बारा दिवसांपुढे रेघ मारली, रेघेखाली सही केली.
हे म्हणाले, आता तपासायला कोण येणार आहे?

रुपया वाटीतच आहे.
काढायचा तर वाटी बाहेर ठेवावी लागेल.