इकडे बघा

आधी वारा. सिएरा कोलोरादात काहीही करायचं
तर पहिली परवानगी वाऱ्याची.
म्हणून ट्रायपॉडच्या पोटाला खडी भरलेली गोणी टांगली,
लोकरीची होती, अजून तेलकट वास येतो तिला.
फिल्टरच्या कडेला रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी,
एक टोक दुमडून ठेवलं
थरथरत्या बोटांना अंधारात सापडेल असं.

फिल्टर भिंगाच्या पुढे. मागे कधीच नाही.
हे सिरोला सात वेळा सांगितलं.
भिंग सूर्य गोळा करतं, बाळा,
मागे लावलेली काच तडकायला क्षण पुरतो
आणि तुझा डोळा तिथेच टेकलेला असतो.
सिरो अकरा वर्षांचा. त्याने वहीत लिहिलं: पुढे.
खाली दोन रेघा.

प्रत्येक फिल्टर दिव्यासमोर धरून पाहिला.
टाचणीच्या टोकाएवढं भोक असलं तरी फेकायचा,
इथे डोळेझाक चालत नाही.
एक फेकला. महाग होता.

बाबा वेल्डिंगचा मुखवटा घेऊन आले.
चाळीस वर्षं याच्याआडून रेल्वेच्या वाघिणी सांधल्या त्यांनी,
आतली पट्टी घामाने काळी पडलेली.
"हा पुरेल."
काच उलटवून आकडा वाचला: दहा.
चौदा लागतो, बाबा.
ते काही बोलले नाहीत.
मांजर घ्यावं तसा मुखवटा मांडीवर घेऊन बसले.

तीस वर्षं मी या गावाचे फोटो काढते.
ओळखपत्रं, पहिलं कम्युनियन, शाळा सुटताना तीन रांगा,
उंच मुलं मागे.
तीस वर्षं एकच वाक्य: इकडे बघा.
आणि या आठवड्यात दारोदार सांगत फिरते: बघू नका.
चष्मा असेल तरच. काजळी धरलेली काच नको,
एक्स-रेची फिल्म नको,
दोन्या ओतिलिया, नवऱ्याचा गॉगल तर मुळीच नको.
पूर्ण झाकला की मी ओरडेन, तेवढाच वेळ चष्मे काढा.
"मग तूच काढ फोटो," दोन्या ओतिलिया म्हणाली,
"आम्ही त्यात बघू."
तिला वाटलं, मला बरं वाटेल.

चंद्र दोन रात्री दिसलेला नाही.
तोही कुठेतरी तयारी करत असणार.

परसात दिवे मालवून तालीम केली,
डोळ्यांवर मफलर. सिरो आकडे मोजतो.
शून्यला पट्टी ओढायची, फिल्टर डाव्या खिशात,
मग चकतीचे खटके बोटांनी मोजत
लहान एक्स्पोजर, मोठं, त्याहून मोठं.
उजेडाचा पहिला मणी फुटायच्या आत फिल्टर परत जागेवर.
आमच्या वाट्याला दोन मिनिटं, वर आठ सेकंद.

पहिल्यांदा फिल्टर काढायचाच राहिला.
दुसऱ्यांदा परत लावायचा.
"मावशी, तू आंधळी झालीस," सिरो म्हणाला
आणि वहीत तशी नोंद केली.
पाचव्यांदा जमलं. एकशे एकोणीस.

उरलेल्या नऊ सेकंदांवरून आम्ही भांडलो.
सिरोला आणखी दोन फोटो हवेत.
मला नुसतं उभं राहायचंय.
आतून बाबा ओरडले, "आणि आमचा कोण काढणार?"

मी जुना कॅमेरा कपाटातून काढला,
मेंढवाड्याच्या भिंतीवर ठेवला, सूर्याकडे पाठ करून,
तोंड बाकाकडे, जिथे उद्या ही सगळी बसतील.
याला फिल्टर लागत नाही.
त्या घटकेला माणसांच्या चेहऱ्यावर किती उजेड असेल
हे माझ्या कुठल्याच तक्त्यात नाही. अंदाजाने घेईन.

अंतर मोजायला कुणीतरी बसायला हवं होतं.
बाबा आले, मुखवटा घालून,
बाकाच्या मधोमध बसले.
मी सवयीने म्हणाले, इकडे बघा.
दोन सांध्यांच्या मध्ये ढकलत असत तसा
त्यांनी मुखवटा कपाळावर ढकलला
आणि भलतीकडेच पाहिलं,
पत्र्याच्या वर, अंधारात,
मी काल बोटाने दाखवलेल्या जागी.