रव्यातला ख

टेंभीपाड्याच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
मोडक्या बाकांची खोली होती, ती मला दिली.
भिंतीवर कुणीतरी रंगवलेला 'ख खटाऱ्याचा',
चाकाचे पोपडे निघालेले.

प्रज्योत कांबळी, इयत्ता चौथी, सोमवार आणि गुरुवार.
येताना वर्गशिक्षकांची चिठ्ठी घेऊन आला:
'मुलगा आळशी आहे. लक्ष देत नाही.'
त्याच्याच हाती पाठवलेली, उघडी.
त्याला वाचता येणार नाही याची
एवढी खात्री होती सगळ्यांना.

मी फळ्यावर लिहिलं: खा.
तो म्हणाला, रवा.
नीट बघ.
त्याने बघितलं. मान तिरकी करून, ओठ चावून,
मी कुठल्याच अक्षराकडे कधी बघितलं नसेल इतकं नीट.
रवा, बाई.

आणि मग मलाही दिसला.
बावीस वर्षं शिकवतेय, पहिल्यांदा दिसला:
र बसलेला, शेजारी व बसलेला,
दोघांच्या पायाशी एक बारीकसा धागा,
आणि तो धागा दिसलाच पाहिजे म्हणून
चार वर्षं पिळलेले कान.

त्याच्या वहीत सगळंच असं हलतं.
घराच्या डोक्यावरची रेघ जरा तुटते, नि घर
कुणालातरी 'धर, धर' म्हणत सुटतं.
भाताची रेघ हात न उचलता ओढली तर मात होते.
(त्या दिवशी डब्यात भातच होता.
त्याने तो निमूट संपवला.)
पहिली वेलांटी कुठल्या अंगाला वळते
हे ठरेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर.

गुरुवारी घरून रवा नेला, स्टीलच्या ताटात पसरला.
बोटाने काढ. मोठा. खांदा हलला पाहिजे.
काढताना मोठ्याने म्हण.
'बाई, रव्यातच?'
रव्यातच. फिरवला हात की गेलं. इथे लाल शाई नाही.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला.
एका सोमवारी 'खार' आली, गुरुवारी पळाली.
मी घरी जाऊन भांडी आपटली.
मग कधीतरी परत आली.

जानेवारीत त्याची आई आली.
शीवच्या इस्पितळातल्या चाचणीचा अर्ज भरायचा होता,
तारीख मिळाली तर जूनमधली.
मुलुंडला केटररकडे पोळ्या लाटते, दिवसाला चारशे.
मी अर्ज पुढे सरकवला.
'चष्मा घरी राहिला, बाई. तुम्हीच भरा.'

मागच्या पालकसभेलाही राहिला होता. त्याच्या आधीही.
नाकावर चष्म्याची खूण नव्हती.
फोनवर ती कधी लिहीत नाही, आवाज पाठवते.
मी नाव विचारलं. 'विशाखा,' म्हणाली,
आणि माझं पेन थांबलं.
काही बोलले नाही. नुसतं ताट तिच्याकडे सरकवलं.

ती बराच वेळ रव्याकडे बघत राहिली.
पोळपाटावर कधी न अडणारं बोट
कडेकडेने गेलं, आणि लिहिलं
विशारवा.
'सातवीत सोडली शाळा,' म्हणाली.
'मला वाटायचं, मीच मठ्ठ.'

प्रज्योत वाकला. हसला नाही.
खाली, र आणि व यांच्या पायाशी,
करंगळीने एक धागा ओढला.
'इथे जोडायचं असतं, आई. मलापण दिसत नव्हतं.'

अर्जावरचं नाव तिनेच लिहिलं. वेळ लागला.
घंटा झाली तरी आम्ही तिघं बसूनच.

सोमवारी बघते तर ताटात मुंग्या.
गुरुवारी प्रज्योतने नवी पिशवी आणली,
आईने दिलेली, वर कागद चिकटवलेला,
आत काय आहे ते कळावं म्हणून.
त्यावर लिहिलं होतं: खा.

त्याने वाचलं. एका दमात वाचलं.
मग पोट धरून हसत सुटला:
'बाई, आईने जास्तच जोडलं!'