चौथा भाग

तिसऱ्या भागात तो जळून खाक झाला होता.
सोफियाहून फोन आला: पूर्ण नाही जळला,
मंगळवारी ये.

ओग्न्यान आला. पोशाखाची चेन लागेना.
स्तांकाने पाठीत सायकलच्या ट्यूबची पट्टी जोडली,
म्हणाली, कॅमेऱ्याकडे पाठ करू नकोस,
आणि तीन वर्षांत एवढं खाल्लंस तरी काय?

पेर्निकजवळचा तलाव. पटकथेत अमेरिकेतली दलदल.
शेवाळ म्हणजे हिरव्या रंगात बुडवलेले
भांडी घासायचे काथे.
दुसऱ्या भागात त्याने गिळलेली नटी
या वेळी स्वतःचीच जुळी बहीण होऊन आलीय.
किंचाळते मात्र तशीच, उजवा कान झाकून.

दुपारी राक्षस मुंडकं काढून बाकावर ठेवतो,
घेवड्याचं सूप भुरकतो.
स्वयंपाकिणीचा पोरगा मुंडक्याच्या जबड्यात
पावाचे तुकडे कोंबत बसतो.
त्यालाच का उपाशी ठेवायचं?

शेवटचा शॉट रात्रीचा.
छातीत भाला, नाकापर्यंत चिखल.
दिग्दर्शक सांगतो, मर.
मग पाच आकडे मोज
आणि एक बोट हलव. एकच.

त्या बोटावर पाचवा भाग उभा आहे,
हे ओग्न्यानला कुणी शिकवायला नको.
येत्या हिवाळ्याची लाकडं त्या बोटात,
गोठ्याचा पत्रा,
इव्हायलाच्या दातांची तार.

कट झालं. जनरेटर थांबला.
रबराच्या कानांना काही ऐकू येत नाही.
स्तांका टॉवेल आणि टॉर्च घेऊन काठावर येते
तर बोट अजून हलतंय.

पुरे रे, ती म्हणते,
सहावासुद्धा झाला.