स्वल्प

हिडकलच्या धरणावरून दस्तगीर येतो
साडेतीनला, लुनावर, मागं बर्फाचा डबा.
आज कटला तीन किलो, आणि मरळ एकच,
ती पण अजून शेपटी हलवणारी.
'ही घरला ठेवा, विकू नका,' म्हणतो
आणि पैसे मात्र तिचेही घेतो.

संकेश्वरच्या स्टँडमागं, पंक्चरवाल्याला लागून
आमचा गाडा. माझा आणि निंगव्वाचा.
ती पीठ भिजवते, मी काटे काढते.
असं काही ठरलं नव्हतं.
पहिल्याच दिवशी तिनं पातेलं ओढलं
आणि माझ्या हातात सुरी उरली.

कटल्याच्या काट्याला दोन फाटे असतात.
ते बोटानं चाचपायचे.
डोळे फसतात,
बोट एकदा टोचलं की विसरत नाही.
पोरं खातात, गाडी चुकलेली म्हातारी खातात,
कुणाच्या घशात काही राहायला नको.
दोन पेरांएवढे तुकडे, हळद,
खानापूरकडच्या बाईनं दिलेलं आगळ,
आणि अर्धा तास त्यांच्याकडे बघायचं नाही.

मग पीठ.
दोन मुठी बेसन, मूठभर तांदळाचं,
ओवा तळहातावर चोळून,
आणि पाणी नाही, गोटी सोडा.
निंगव्वा अंगठ्यानं गोटी दाबते, ठक्क.
बाटली उसासा टाकते
आणि पीठ दचकून जागं होतं.
'मीठ किती गे?'
'स्वल्प.'

स्वल्प.
तिच्या कानडीत थोडंसं.
माझ्या शाळेत तो एक विराम होता.
वाक्य संपलं नाही, नुसता श्वास घे,
असं सांगणारं शेपटीवालं टिंब.
कुदळे बाई फळ्यावर काढायच्या,
मला ते माशाच्या पिल्लागत दिसायचं.
हे एकदा निंगव्वाला सांगितलं,
तर म्हणाली, तेल तापलंय अक्का,
गोष्ट मग सांग.

चटणीवरून आमचं अजून मिटलेलं नाही.
मिरची संकेश्वरीच, त्यात वाद नाही,
लांब, सुरकुतलेली, गरम पाण्यात तासभर निजवलेली.
लसूण. बेळगावच्या कॅम्पातल्या
फिलोमीनाबाईचं व्हिनेगार. बोटभर गूळ.
इथंच थांबावं असं माझं मत.
मी देवळात गेले त्या शुक्रवारी
हिनं त्यात भाजलेल्या शेंगांचं कूट घातलं
आणि चटणी सातलाच संपली.
खरं मी अजून मान्य केलेलं नाही.
कूट मात्र मीच कुटते आता.

बोर्ड दोनदा रंगवला.
एकदा ह्यांच्यातली पोरं आली, एकदा त्यांच्यातली,
अक्षरं कुठली वर, कुठली खाली.
तिसऱ्यांदा पेंटर इराप्पा वैतागला,
सगळ्यावर निळा हात मारला
आणि एक मासा काढून निघून गेला.
डोळा जरा वर गेलाय त्याचा.
गिऱ्हाइकाला पोचायला तेवढा पुरतो.

तुकडा पिठात बुडवायचा, शेपटाकडून उचलायचा,
निथळू द्यायचा, आणि कढईच्या कडेनं
पाण्यात पोर सोडावं तसा सोडायचा.
आधी आरडाओरडा,
मग नुसती कुजबुज.
कुजबुज लागली की काढ,
हे मला निंगव्वानं शिकवलं, बोलून नाही,
झारा हातातून ओढून घेऊन.

नऊला स्टँड ओस पडतं.
तळाशी राहिलेले चार तुकडे
आम्ही उभ्यानंच खातो, चटणी पुसून पुसून.
आज ती खाता खाता थांबली.
जीभ फिरवली, दोन बोटं तोंडात घातली,
आणि गाड्याच्या पत्र्यावर, मिठाच्या डब्याशेजारी
अलगद ठेवला एक काटा.
केसाएवढा. टोकाला वाकलेला.
माझ्याकडे बघितलं नाही.

मीही काही बोलले नाही.
तेवढ्यात हुक्केरीची शेवटची गाडी वळली,
कंडक्टर दारातूनच ओरडला,
हाय काय काही?
आणि निंगव्वानं परत
गॅस मोठा केला,