क्लाक्सविकला जाताना कोणती आवृत्ती न्यावी

हॉग्नी विचारतो, कोणती घेऊ?
मांडीवर लॅपटॉप, काचेवर धुकं,
गाडी समुद्राखालच्या दुसऱ्या बोगद्यात शिरतेय
आणि हा आत्ता विचारतो.

कामाच्या आदल्या रात्री अपडेट करू नये,
हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.
बावीस वर्षांचा आहे,
नवं काही उतरलं की हात शिवशिवतात.
आता वायफायचं कार्ड त्याला ओळख देत नाही,
ड्रायव्हर नव्या कर्नलवर रुसून बसलाय,
आणि मेनूत सहाशे अवजारं,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
वर तो चकचकीत डेस्कटॉप.
नाकापेक्षा मोती जड.

पहिल्या दिवशी मी त्याला
कुठलीच सिस्टीम दाखवली नव्हती,
कागद दाखवला होता.
वर तारखा, खाली सही,
मध्ये कोणत्या यंत्राला हात लावायचा
आणि कोणत्या यंत्राकडे नुसतं बघायचं.
हा खिशात नसेल तर
आपण दोघं घरफोडे.
आवृत्तीचं नंतर बघू.

मासळी गोठवायचा कारखाना.
एयब्यर्ग रबरी बुटांनी फरशी वाजवत पुढे चालते,
थंडीनं लाल झालेले हात, कमरेला किल्ल्या.
कोपऱ्यात एक पिवळट पडलेला संगणक,
त्यावर मार्करनं लिहिलेलं: बंद करू नका.
सगळे शीतकक्ष हाच सांभाळतो.
"हा आला त्या वर्षी माझं लग्न झालं," ती म्हणते,
"दोघांपैकी हा टिकला."

हॉग्नीनं केबल लावली, दार ठोठावलं.
पलीकडून उत्तर आलं
कुठल्याशा जुनाट, मोडक्या सांकेतिक भाषेत,
आणि त्याच्या नव्याकोऱ्या सिस्टीमनं
तोंड फिरवलं:
असल्या भाषेत मी बोलत नाही.

"बंद आहे," तो म्हणाला. "सुरक्षित लिहू?"

मी त्याच्याकडे पाहिलं.
तशी चूक मीही केली होती एकदा,
रुनाविकच्या एका बँकेत,
आणि सहा महिने झोप उडाली होती.
दार बंद नाही रे,
तुला ऐकू येत नाहीये.
तुझ्या नव्या सिस्टीमला चांगल्या सवयी लागल्यात.
चोराला असल्या सवयी नसतात.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात
माझा जुना पेनड्राइव्ह असतो, चिकटपट्टी लावलेला.
नऊ वर्षांपूर्वीची आवृत्ती,
जिथून उतरवली तिथला हॅश अक्षर न अक्षर ताडून बघितलेली,
आभासी यंत्रात कोंडलेली,
इंटरनेटचं तोंड न पाहिलेली.
तिला ती मोडकी भाषा अजून येते.

चार मिनिटं लागली.
पडद्यावर आकडे उमटले:
कक्ष एक, उणे चोवीस.
कक्ष दोन, उणे चोवीस.
कक्ष तीन, उणे तेवीस.
आणि आकड्याशेजारी लुकलुकणारा कर्सर,
बदलायचंय का, असं विचारणारा.
पासवर्ड कुणी मागितलाच नाही.

हॉग्नीचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.
मी फोटो काढला, वेळ लिहिली,
कीबोर्डवरून हात उचलला.
कागदावर एवढंच होतं: बघायचं.

एयब्यर्ग मागे उभी होती.
"म्हणजे एवढी वर्षं
कुणीही आत येऊ शकलं असतं?"
हो.
"मग कुणी आलं का नाही?"
यावर माझ्याकडे आकडा नव्हता.
तिनं क्षणभर त्या यंत्राकडे पाहिलं,
आणि बाहीनं त्याच्या डोक्यावरची धूळ पुसली.

परतीच्या वाटेवर हॉग्नी गप्प.
लॅपटॉप पुन्हा मांडीवर,
कालच्या आधीची सिस्टीम तो परत आणतोय,
एकोणचाळीस टक्के, चाळीस.
बोगद्याच्या मध्यावर म्हणाला,
तुझ्या पेनड्राइव्हची एक प्रत देशील?

देईन.
पण आधी हॅश ताडून बघ.
माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस.