दोन दहाची बस

तीन वर्षं बैठका चालल्या.
कधी शाळेच्या वाचनालयात, कधी कारखानदार संघाच्या दालनात,
एकदा नदीकाठच्या साइडर-घरात, पिंपांच्या रांगेमध्ये.
शाळा म्हणाली, तुम्ही आमच्या पोरांना
सहा महिने नुसता झाडू मारायला लावता.
कारखाने म्हणाले, तुमची पोरं प्रमाणपत्र आणतात
आणि कानस धरतात चमच्यासारखी.
दोघांचंही खरं होतं,
म्हणून कुणीच मागे हटेना.

हे मला गोत्सोनेनं सांगितलं. मुख्याध्यापिका.
'ड्रायव्हरशी बोलू नये' या पाटीखाली बसते
आणि उतरेपर्यंत बोलते.

शेवटी करार झाला.
चार गावं, दोन शाळा, अकरा कारखाने,
चौसष्ट पानं.
आपण शिकवायचं अन् शेजाऱ्यानं पळवायचं,
या एका भीतीवरच सहा पानं खर्ची पडली.
सह्या झाल्या, फोटो झाला,
आणि पहिल्या सोमवारी दुपारी दोन वाजता
एकोणीस पोरं फाटकाबाहेर उभी राहिली,
पोलादी टोकांचे नवे बूट घालून.

एक वीसची बस गेलेली.
पुढची पाचला.
चौसष्ट पानांत कुणीच लिहिलं नव्हतं
की खोऱ्याच्या त्या टोकाला पोरं पोचणार कशी.
घोडं इथं पेंड खात होतं.

गोत्सोने डेपोत आली तेव्हा मी जेवत होते.
काही मागितलं नाही तिनं. नुसती उभी राहिली,
आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

बावीस वर्षं मी ड्रिल मशीनवर होते,
हिरव्या दाराच्या कारखान्यात,
जिथं शिवणयंत्रांचे सुटे भाग व्हायचे.
बंद झाला त्या दिवशी प्रत्येकीला
भिंतीवरचं एकेक घड्याळ दिलं त्यांनी.
माझं अजून खोक्यात आहे.
शेहेचाळिसाव्या वर्षी अवजड वाहनाचं लायसन काढलं.

हात बसायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं.
त्याआधी बस लागते, हे त्या दिवशी कळलं.
म्हटलं, दोन दहाला निघते. डबा स्टिअरिंगवर खाईन.
परवानगीचा कागद सात आठवड्यांनी आला.
तोवर काचेवर पुठ्ठा, माझ्याच अक्षरात: विशेष फेरी.

जाताना पोरं गप्प असतात.
येताना गाडीभर थंडक-तेलाचा वास
आणि कुणाचं तरी बोट चिंधीत.
बिरामे ओठांतल्या ओठांत आटे मोजतो.
त्याची आई सेनेगलला फोनवर सांगते म्हणे,
मुलगा शाळेतही जातो आणि कामावरही,
आणि तिकडं कुणाला पटत नाही.
दोघांनी डिसेंबरातच सोडलं.
त्यांच्या सीटवर आता दप्तरं बसतात.

मार्चमध्ये लोहित्सुने म्हणाली,
उद्यापासून हिरव्या दारापाशी थांबवाल?
अर्धी शेड कुणीतरी घेतली होती. झडपा बनवतात.
नऊ वर्षं त्या वळणावर
मी वेग कमी केला नव्हता.
थांबवली.
दार आता राखाडी आहे.

ती उतरली, आणि सीटवर काहीतरी राहिलं.
पितळेची बुश, अंगठ्याएवढी, अजून जराशी कोमट.
किंवा खिशात होती म्हणून कोमट.
डेपोत मी ती नखावरून फिरवली.
आतल्या कडेला एक कुसळ.
डोळ्याला दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिला परत दिली.
म्हटलं, आतून हात फिरव.
ती लाल झाली. मग म्हणाली,
तपासणीत पास झालीय ही.
मी म्हटलं, झाली असेल.

तीन दिवस बोलली नाही माझ्याशी.
पाटीचं पालन करणारी तेवढी एकटीच.

चौथ्या दिवशी चढताना
डॅशबोर्डवर काहीतरी ठेवून मागं गेली,
थेट शेवटच्या रांगेत.
दोन नऊ झाले होते.
मी नख फिरवलं, एकदा, पुन्हा उलटं.
कुठंच अडलं नाही.

आरशात पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती,
फार मन लावून,
जिथं बघण्यासारखं काही नव्हतं.
मी दारं लावली.
एक मिनिट उशिरा निघालो त्या दिवशी.